वाट गेली, गावे राहिली

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत शिकागोपासून लॉस एंजेलिसपर्यंत, व पुढे समुद्रकाठच्या सांता मोनिकापर्यंत, सुमारे २,४४८ मैलांचा जो रस्ता 'सहासष्ट क्रमांकाचा राजमार्ग' म्हणून प्रसिद्धीस आला, त्याच्या शासकीय आयुष्याची एकोणसाठ वर्षेही पुरी भरली नाहीत. ११ नोव्हेंबर १९२६ रोजी त्यास क्रमांक मिळाला व २७ जून १९८५ रोजी तो काढून घेण्यात आला. त्या दिवशी रस्ता कोणी उखडला नाही, काठची गावे कोणी उठविली नाहीत, कोणास नोटीस बजावली नाही. यादीतील एक नोंद तेवढी खोडली गेली. गावांचा प्राण त्याआधीच, कोठे दहा तर कोठे तीस वर्षांपूर्वी, गेलेला होता.

आमच्यासारख्या वकिली पेशातील माणसास या रस्त्याचे आकर्षण वाटावे ते याच कारणाने. छायाचित्रे काढणाऱ्या एका स्नेह्यासमवेत आम्ही टेक्सासच्या पश्चिम सीमेपासून कॅलिफोर्नियातील बार्स्टोपर्यंत हा रस्ता, जेथे जेथे तो मोटारीस अद्याप जाऊ देतो तेथे तेथे, पालथा घातला. स्नेह्याचे लक्ष मोडक्या भिंती, काचा गेलेल्या खिडक्या आणि अक्षरे पुसलेल्या पाट्या यांजकडे. आमचे लक्ष एका प्रश्नाकडे. वाट दारावरून जात होती म्हणून जे गाव वसले, त्या गावाचा त्या वाटेवर काही हक्क असतो काय?

वाट तशी पुष्कळ जुनी. कोलोरॅडो नदीपासून समुद्राकडे, मोहावेच्या वाळवंटात झऱ्यामागून झरा गाठीत जाणारी पायवाट ही मूळची मोहावे लोकांची. १७७६ साली फ्रान्सिस्को गार्सेस हा स्पॅनिश पाद्री त्यांच्याच वाटाड्यांच्या आधाराने हे वाळवंट ओलांडून गेला. १८५७ साली एडवर्ड बील याने न्यू मेक्सिकोपासून कोलोरॅडोपर्यंत गाडीरस्ता आखला, तोही सैन्याने परदेशातून आणविलेल्या उंटांचा तांडा बरोबर घेऊन. १८८३ साली रेल्वे आली. मोटारी आल्यावर त्यांचा रस्ता रेल्वेच्या रुळांशेजारून काढण्यात आला, कारण स्टेशन तेथे माणूस व माणूस तेथे पाणी, एवढा भरवसा त्या मुलखात दुसरीकडे कोठेच नव्हता. पुढे देशभरच्या रस्त्यांना क्रमांक देण्याचे ठरले, तेव्हा या रस्त्याच्या पुरस्कर्त्यांनी, त्यांत टल्सा येथील सायरस एव्हरी प्रमुख, साठ हा भरदार अंक मागितला होता. केंटकी संस्थानाने त्यास हरकत घेतली आणि तडजोडीने सहासष्ट पदरी पडला. एका जगप्रसिद्ध नावाचा जन्म असा दप्तरी तंट्यातून झालेला आहे.

आमचे पहिले ठाणे ग्लेनरियो. खरे म्हणजे हे वाळवंट नव्हे, रुक्ष पठार आहे. परंतु गाव वाळवंटातील कोणत्याही गावाइतकेच रिते. त्याच्या मधूनच टेक्सास व न्यू मेक्सिको या संस्थानांची हद्द जाते. न्यू मेक्सिकोत पेट्रोलवर कर अधिक, म्हणून पेट्रोलपंप टेक्सासच्या बाजूस. टेक्सासच्या त्या जिल्ह्यात दारूबंदी, म्हणून गुत्ते न्यू मेक्सिकोच्या बाजूस. गोव्याच्या हद्दीवर राहणाऱ्या आमच्या वाचकांस याचा अधिक उलगडा करून सांगावयास नको. तेथील एका मोटेलची पाटी एका बाजूने येणाऱ्यास 'टेक्सासातील पहिले' आणि दुसऱ्या बाजूने येणाऱ्यास 'टेक्सासातील शेवटचे' असे सांगत असे. दोन कायद्यांमधील फटीत हे गाव सुखाने जगले. वाहतूक नव्या द्रुतमार्गाने वळली तेव्हा दोन्ही कायदे जागच्या जागी होते. फटीतून जाणारा माणूस तेवढा नाहीसा झाला.

हा नवा द्रुतमार्ग ज्या कायद्याने आला त्यावर २९ जून १९५६ रोजी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी सही केली. ४१,००० मैलांचे आंतरराज्य रस्ते बांधावयाचे आणि खर्चातील शंभरांपैकी नव्वद डॉलर मध्यवर्ती सरकारने सोसावयाचे, अशी ती योजना. रस्त्यांची रुंदी व मोटारींचा वेग यांविषयी पुष्कळ लिहिले जाते. आमच्या मते खरा भेद कायद्यातील आहे. जुन्या रस्त्याच्या काठी ज्याची जमीन, त्यास रस्त्याकडे दार उघडण्याचा हक्क असे. चुलत्याने पंप काढावा, पुतण्याने खाणावळ घालावी, विधवा बहिणीने चार खोल्या उतारूंस भाड्याने द्याव्या, असे संसार त्या दारावर उभे राहत. नव्या रस्त्यास दारच नाही. ठरलेल्या फाट्यांवाचून त्यावर चढता येत नाही वा त्यावरून उतरता येत नाही. फाटा कोठे द्यावयाचा हे अभियंते ठरविणार. आणि गाव राहणार की जाणार, हे फाट्याने ठरणार.

मग भरपाईचे काय? जमीन घेतली तर अमेरिकेच्या राज्यघटनेप्रमाणे न्याय्य मोबदला द्यावाच लागतो. दाराचा मार्ग अजिबात बंद केला तरी न्यायालये पुष्कळदा मोबदला देववितात. परंतु रस्ता दुसरीकडे नेल्यामुळे दारावरून जाणारी वाहतूक आटली, तर त्या नुकसानीस भरपाई नाही, हे तत्त्व तेथील न्यायालयांनी पक्के केलेले आहे. रस्त्यावर येण्याचा हक्क काठच्या मालकास आहे. रस्त्यावरून इतरांनी यावे-जावे असा हक्क त्यास नाही. वाहता माणूस ही कोणाची मालमत्ता नव्हे. तर्कदृष्ट्या हे बरोबर आहे हे आम्ही मान्य करतो. एरवी प्रत्येक खानावळवाला नव्या रस्त्यावर मनाई हुकूम आणील आणि देशात एकही रस्ता सरळ व्हावयाचा नाही. आपल्याकडील स्थितीही तत्त्वतः फारशी निराळी नाही. १ जानेवारी २०१४ पासून अमलात आलेल्या भूसंपादन कायद्याने घेतलेल्या जमिनीवर पोट भरणाऱ्या भूमिहीनाचाही विचार केला, ही मोठीच सुधारणा. पण बाह्यवळण झाल्यामुळे ज्याच्या चहाच्या टपरीवर गिऱ्हाईक येईनासे झाले, तो त्याही कायद्याच्या उंबऱ्याबाहेरच राहतो. बेळगावचा पुष्कळसा माल पूर्वी रामघाटाने वेंगुर्ल्याच्या बंदरास उतरे. १८८८ साली मुरगावची रेल्वे झाल्यावर तो तिकडे वळला. त्या वेळी घाटातील मुक्कामांनी कोणाकडे दाद मागावी?

दाद मागून काही पदरी पाडून घेतल्याचे एक उदाहरण मात्र या रस्त्यावर आहे, आणि ते पाहण्यासाठी आम्ही ॲरिझोनातील विल्यम्स या गावी मुद्दाम थांबलो. छायाचित्रकारास तेथे काही मिळण्यासारखे नव्हते, कारण गाव नांदते आहे. संपूर्ण सहासष्ट क्रमांकावरील हे शेवटचे बाह्यवळण. दाव्यांमुळे ते काम वर्षानुवर्षे अडून राहिले. शेवटी तडजोड झाली, ती पैशांची नव्हे: संस्थानाने या गावास तीन फाटे द्यावे आणि गावाने दावे काढून घ्यावे. १३ ऑक्टोबर १९८४ रोजी नवा रस्ता सुरू झाला. जो हक्क कायद्यात नाही, तो मिळावा म्हणून विल्यम्सकरांनी हट्ट धरला नाही. फाटा मागितला, आणि तो मिळविला. दावा जिंकण्यापेक्षा कोणती मागणी मागावयाची हे कळणे अधिक मोलाचे असते, हे आम्ही आमच्या कनिष्ठ सहकाऱ्यांस नेहमी सांगत आलो आहोत. ते ऐकतात असे नाही.

पश्चिमेस थोड्या अंतरावर सेलिग्मन आहे. त्यास २२ सप्टेंबर १९७८ रोजी वळसा पडला. तेथील न्हावी एंजेल डेल्गाडिलो यांनी फेब्रुवारी १९८७ मध्ये गावकऱ्यांस जमवून संघ काढला, आणि त्याच वर्षी ॲरिझोना सरकारकडून जुन्या रस्त्यास 'ऐतिहासिक' हा दर्जा मिळविला. इतिहास ही पदवी येथे पोटासाठी मिळविलेली आहे, हे लपविण्याचे कारण नाही. वाहतूक गेली होती. वाहतुकीची आठवण पाहावयास येणारे लोक तेवढे आणता येण्यासारखे होते, आणि ते आले. त्यापुढे डोंगरात ओटमन लागते. सोन्याच्या खाणीचे हे गाव. सिटग्रीव्हज खिंडीचा चढ असा की जुन्या फोर्ड गाड्यांस पेट्रोल वरून उताराने मिळत असल्यामुळे चालक त्या उलट्या चढवीत. १९५२ साली डोंगर टाळून दुसरा रस्ता झाला. आज खाणवाल्यांनी मागे सोडलेल्या गाढवांचे वंशज रस्त्यात उभे राहून प्रवाशांकडे खाऊ मागतात.

ओटमनचा डोंगर उतरला की कोलोरॅडो नदी, आणि नदीपलीकडे कॅलिफोर्निया. नदीवर १९१६ सालचा कमानीचा पोलादी पूल आहे. १९४७ पर्यंत मोटारी त्यावरून जात, नंतर त्यास वायूचा नळ वाहण्याचे काम मिळाले. आमच्या स्नेह्याने त्या पुलाची किती छायाचित्रे काढली याचा हिशेब आम्ही ठेवला नाही. आम्हांस तेथे उभे राहून निराळेच आठवत होते. १९३० नंतरच्या दशकात अवर्षण, धुळीची वादळे व कर्ज यांनी नागवलेले दोन लाखांहून अधिक लोक कॅलिफोर्नियात उतरले, आणि त्यांतील फार मोठा भाग याच नदीवरून आला. १९३९ च्या आपल्या कादंबरीत स्टाइनबेकने या रस्त्यास आई म्हटले ते त्यांच्यासाठी. या आईच्या दारात पोलीस होते, हे मात्र प्रवासी पुस्तिकांत क्वचितच आढळते. फेब्रुवारी १९३६ मध्ये लॉस एंजेलिस शहराच्या पोलीसप्रमुखाने आपले १३६ शिपाई संस्थानाच्या हद्दीवर पाठविले आणि ज्यांजवळ पैसे नाहीत त्यांस परत फिरविण्यास आरंभ केला. शहराच्या पोलिसांस शेकडो मैल दूरच्या हद्दीवर अधिकार कोणता, हे विचारण्याची सोय त्या कुटुंबांस नव्हती.

शिपाई थोड्याच महिन्यांत माघारी गेले. कायदा मात्र राहिला. निर्धन परस्थास जाणूनबुजून कॅलिफोर्नियात आणणे हा तेथे गुन्हा होता. १९३९ च्या डिसेंबरात फ्रेड एडवर्ड्स नावाचा मेरिस्व्हिल येथील रहिवासी टेक्सासातील स्पर या गावी गेला आणि आपल्या मेहुण्यास मोटारीत घालून घरी घेऊन आला. निघताना मेहुण्याजवळ सुमारे वीस डॉलर होते. पोहोचेपर्यंत ते संपले. मेहुण्यास घरी आणल्याबद्दल एडवर्ड्सला सहा महिन्यांची शिक्षा झाली, ती तहकूब ठेवण्यात आली. हे दोघे नेवाडाच्या बाजूने आले होते, या पुलावरून नव्हे. परंतु जो न्याय त्यांना मिळाला तो या पुलावरील प्रत्येकाचा होता. २४ नोव्हेंबर १९४१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा एकमताने रद्द केला. न्यायमूर्ती बर्न्स यांचा निर्णय व्यापारविषयक कलमावर आधारलेला होता. गरिबी म्हणजे अनीती नव्हे असेही त्यांत बजाविलेले आहे. न्यायमूर्ती डग्लस व जॅक्सन यांनी स्वतंत्र मते लिहून सांगितले की आधार व्यापाराचा नको, नागरिकत्वाचा हवा. माणसाचा संचार गुराढोरांच्या वाहतुकीच्या मापाने मोजू नये, हा त्यांचा आशय आम्हांस अधिक पटतो. आपल्या राज्यघटनेने एकोणिसाव्या अनुच्छेदात भारतभर संचार करण्याचा व कोठेही स्थायिक होण्याचा हक्क नागरिकास नागरिक म्हणूनच दिला आहे. ज्यांचे पूर्वज इंदूर, बडोदे, ग्वाल्हेर, हैदराबाद येथे जाऊन राहिले, त्यांस या कलमाचे मोल वेगळे सांगावयास नको.

अर्थात निर्णय झाला म्हणून रस्ता सर्वांस सारखा झाला नाही. कृष्णवर्णीय प्रवाशांस कोठे खोली मिळेल, कोठे जेवण मिळेल, याची यादी देणारी पुस्तिका व्हिक्टर ग्रीन यांनी १९३६ साली सुरू केली व ती तीस वर्षे निघत राहिली. आज ज्या मोटेलांच्या पडक्या भिंती छायाचित्रांत करुण दिसतात, त्यांतील कित्येकांनी भरभराटीच्या दिवसांत दारातूनच माणसे परत पाठविलेली आहेत.

नदीकाठचे नीडल्स सोडले की मोहावे खऱ्या अर्थाने सुरू होते. येथील स्टेशनांस १८८३ साली रेल्वेच्या अभियंत्याने वर्णानुक्रमाने नावे दिली: अँबॉय, ब्रिस्टल, कॅडिझ, डॅनबी, एसेक्स, फेनर, गॉफ्स, होमर, आयबिस, जावा. पाणी नाही, सावली नाही, नाव ठेवण्याजोगी वस्ती नाही. तेव्हा मुळाक्षरांवाचून त्या बिचाऱ्याने दुसरे काय करावे? पुढे कोणी बगदाद केले, कोणी सैबेरिया. वाळवंटात सैबेरिया हे नाव देणारा इसम विनोदी असावा किंवा उन्हाने त्रासलेला.

गॉफ्सने आम्हांस एक गोष्ट शिकविली. या गावाची ओसाडी द्रुतमार्गाने आणलेली नव्हे. १९३१ साली सहासष्ट क्रमांकानेच आपली वाट सरळ केली आणि गॉफ्सला उत्तरेस टाकले. ज्या रस्त्याच्या मरणाविषयी आज हळहळ होते, त्याने भरतारुण्यात हेच केले होते. १९१४ साली बांधलेली तेथील शाळा इतिहासप्रेमी मंडळींनी दुरुस्त करून जपली आहे. तेवढीच इमारत स्नेह्यास अगदी निरुपयोगी वाटली, कारण तिच्या खिडक्यांस काचा होत्या.

फेनरच्या पुढे जुना रस्ता बंद होता. वाळवंटातील पाऊस वर्षानुवर्षे येत नाही, आणि येतो तेव्हा डोंगरावरून लोंढा होऊन येतो. म्हणून या भागात रस्त्यावर शंभराहून अधिक लाकडी मोऱ्या बांधलेल्या आहेत. २०१७ च्या पुरांनंतर त्यांतील मोडलेल्यांमुळे काही टप्पे कित्येक वर्षे बंद राहिले. तेव्हा आम्हीही निमूटपणे द्रुतमार्गावर चढलो आणि ब्रिस्टल डोंगराच्या बाजूने खाली अँबॉयला उतरलो. त्या डोंगराची हकीकत सांगितल्यावाचून राहवत नाही. १९६३ साली अणुशक्ती आयोग, सांता फे रेल्वे आणि कॅलिफोर्नियाचे रस्तेखाते यांनी मिळून असा अहवाल तयार केला की हा डोंगर बावीस अणुस्फोटांनी फोडावा आणि त्या खिंडीतून रेल्वे व द्रुतमार्ग दोन्ही न्यावे. स्फोटांची एकूण शक्ती हिरोशिमावरील बॉम्बच्या शंभरपटीहून अधिक धरलेली होती. विलंब, किरणोत्सर्गाची भीती आणि त्याच वर्षीचा अणुचाचणीबंदीचा करार यांमुळे बेत बारगळला, आणि पुढे डोंगर नेहमीच्या सुरुंगांनीच फोडला गेला. अँबॉयच्या वाट्याला अणुबॉम्ब आला नाही, साधा रस्ता आला. पण गावापुरता परिणाम सारखाच झाला.

१९३८ साली रॉय क्रोल याने तेथे पेट्रोलपंप काढला. त्याचा जावई बस्टर बरिस याने त्यास खाणावळ व खोल्या जोडल्या, आणि १९५९ साली पन्नास फूट उंचीची निऑनची पाटी उभारली. जमिनीखालचे पाणी खारट, म्हणून पिण्याचे पाणी रेल्वेने आणावयाचे. तरीही दुरुस्तीस आलेल्या मोटारी रात्रंदिवस रांगेत. १९७३ साली द्रुतमार्ग सुरू झाला आणि रांग एका दिवसात संपली. शाळा १९९९ साली मिटली. २००५ साली कोंबडीच्या खाणावळींची साखळी चालविणाऱ्या अल्बर्ट ओकुरा यांनी अख्खे गाव ४,२५,००० डॉलरांस विकत घेतले व ते जपण्याचे वचन दिले; २०१९ च्या नोव्हेंबरात पाटी पुन्हा पेटली. २०२३ मध्ये ते वारले. हक्क नसलेल्या गावास शेवटी असा मालक भेटला. खरेदीखतात टपालकचेरी, चर्च, विमाने उतरविण्याची पट्टी, सारे आले. ज्यामुळे त्याला किंमत होती ती वाहतूक खरेदीखतात येण्याजोगी कधीच नव्हती.

बगदाद येथे मात्र स्नेह्याची निराशा झाली. नकाशावर नाव आहे. जागेवर रेती आणि आगगाडीचे रूळ. चढावासाठी जादा इंजिने जोडण्याचे हे ठाणे. पाणी न्यूबेरीच्या झऱ्यांवरून टाक्यांत भरून येई. ३ ऑक्टोबर १९१२ ते ८ नोव्हेंबर १९१४ या ७६७ दिवसांत येथे पाऊस पडला नाही, हा त्या देशातील उच्चांक गावाच्या नावावर आहे. वाफेची इंजिने गेली, मोटारी गेल्या आणि पुढे इमारतीही साफ करण्यात आल्या. १९८७ चा जो चित्रपट या खाणावळीचे नाव घेऊन जगभर गेला, त्याचे चित्रणसुद्धा येथे नव्हे, न्यूबेरी स्प्रिंग्ज येथे झाले. न्यायालयात छायाचित्र दाखल करावयाचे तर ते कोठे व केव्हा काढले हे कोणीतरी शपथेवर सांगावे लागते. अँबॉयच्या पाटीस साक्षीदार नको, ती स्वतः बोलते. बगदादच्या छायाचित्रात क्षितिजापर्यंत केवळ जमीन आली आहे. त्यास आमचे शपथपत्र जोडावे लागेल.

शेवटचे लडलो. येथून १९०५ साली 'टोनोपा आणि टाइडवॉटर' नावाची रेल्वे निघाली, डेथ व्हॅलीतील टाकणखार आणण्यासाठी. टोनोपा शहरास ती पोहोचली नाही आणि समुद्रासही पोहोचली नाही. १९४० साली ती बंद झाली व पुढे तिचे रूळही निघाले. जुन्या गावाच्या पडक्या भिंतींपलीकडे छोटे स्मशान आहे. तेथील लाकडी क्रूसांवरची नावे वाऱ्याने घासून नेली आहेत. लडलोला फाटा मिळाला, म्हणून त्याच्या तोंडाशी पेट्रोलपंप आहे, खाणावळ आहे, आणि द्रुतमार्गावरून उतरलेल्या मोटारींची गर्दीही. स्नेही स्मशानातून परत येईपर्यंत आम्ही टाकी भरून घेतली.